आईबाबांच्या कम्प्युटरची सेटिंग्ज: काय समोर ठेवावं, काय आत

दिवाळीत मुलं भिलाईला घरी आली, की फराळाबरोबर एक काम हमखास पुढे येतं: "जरा कम्प्युटर बघून दे रे." मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये नाहीतर नेहरूनगरच्या घरी स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले आईबाबा आणि त्यांचा डेस्कटॉप. त्यावर पेन्शनचे कागद निघतात, बँकेचं काम होतं, नातवंडं दिसतात, गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी टाइप होते. मुलं तासाभरात सगळं नीट लावून जातात आणि थोड्याच दिवसांत फोन येतो, की प्रिंटर भलतंच काही विचारतोय, तिकडचा आवाज येत नाही, पासवर्ड बरोबर असून घेत नाही. हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे, आणि ज्याला सगळी गल्ली हाक मारते अशा शेजारच्या जाणकारासाठी. शेवटचा भाग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे.

'बाबांना आता जमत नाही' हे आधी मनातून काढून टाका. ज्या माणसाने आयुष्यभर कोक ओव्हनमध्ये किंवा रेल मिलमध्ये पाळ्या केल्या, त्याला पडद्यावरची चार बटणं कळत नाहीत असं होत नाही. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून या गावात कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. त्यांना विचारा, चांगल्या कंट्रोल रूममध्ये काय असतं. पाळीत जे खरोखर हलवावं लागतं, ते ऑपरेटरच्या हाताशी असतं. मुळातल्या गोष्टी बदलायच्या तर इंजिनीअर लागतो, आणि कोणी काय बदललं याची नोंद राहते. घरच्या कम्प्युटरवर मात्र आवाज कमीजास्त करणं आणि नेटवर्कचा मूळ पत्ता बदलणं ही दोन्ही कामं एकाच यादीत, एकाच आकाराच्या चित्रांनी शेजारी शेजारी मांडलेली असतात. गोंधळ होतो तो या मांडणीमुळे. तुम्हाला घरी करायचंय ते एवढंच: रोजचं रोजच्या जागी आणायचं आणि बाकीचं एक दार आत सरकवायचं.

विंडोजमध्ये हा गोंधळ दुप्पट आहे, कारण तिथे घरंच दोन आहेत. कंट्रोल पॅनेल १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर नवी सेटिंग्जची खिडकी आली, पण जुनी गेली नाही. आज विंडोज ११ मध्येही दोन्ही नांदतात. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेली वाट आणि बाबांना दिसणारी वाट जुळत नाही. घरच्यांना एकच वाट शिकवा: विंडोजची कळ दाबून आय, आणि उघडलेल्या खिडकीत वरच्या शोधपट्टीत हवं ते लिहायचं. कुठल्या चित्राखाली काय दडलंय हे पाठ करायची गरज नाही.

आता कामाला बसताना. सेटिंग्ज उघडायच्या आधी आईबाबांना त्यांचं रोजचं काम करायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. "काय अडचण आहे?" असं विचारलं तर "काही नाही, ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. पण आई डोळे बारीक करून पडद्याजवळ सरकते, बाबा एका फाइलवर पुन्हापुन्हा टिचक्या मारतात, कोपऱ्यात काही उगवलं की दोघं दचकतात, हे सगळं बघितल्यावरच कळतं. जे दिसलं तेवढंच सोडवा. तुम्हाला आवडतो म्हणून काळा रंग लावू नका, आयकॉनची जागा बदलू नका. विंडोज १० वरून ११ वर आलेल्या मशीनवर स्टार्टचं बटण मध्यभागी गेलेलं असतं आणि जुन्या सवयीचा हात डाव्या कोपऱ्यातच जातो. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ते पुन्हा डावीकडे लावता येतं. लावून द्या.

अक्षरांचं बघू, कारण तिथे सगळ्यात जास्त वाट चुकते. अक्षरं मोठी करायची म्हणून बरेच जण रिझोल्युशन कमी करतात. अक्षरं मोठी होतात खरी, पण कडा फाटल्यासारख्या होतात, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तो धुरकटपणा अधिकच त्रास देतो. रिझोल्युशनपुढे 'शिफारस केलेलं' असं लिहिलेलं असतं, तेच राहू द्या. खरी सोय दोन ठिकाणी आहे. डिस्प्लेमधलं 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के केलं की अक्षरं, बटणं, चित्रं सगळंच मोठं होतं. ॲक्सेसिबिलिटीमधल्या 'टेक्स्ट साइझ'ने मात्र फक्त अक्षरं वाढतात, २२५ टक्क्यांपर्यंत. आधी स्केल वाढवा. बटणं पडद्याबाहेर जायला लागली तर एक पायरी मागे या आणि उरलेली कसर टेक्स्ट साइझने भरून काढा. वेबपानांचा मामला वेगळा. ब्राउझरला स्वतःची पानं मोठी करण्याची सोय आहे, आणि बँकेच्या साइटवर बहुतेक वेळा तीच लागते: कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह. ही एक कळजोडी आईबाबांना शिकवली तर अर्धे फोन कमी होतील. माऊसचा बाणही मोठा आणि गडद करून द्या. तो सापडत नाही म्हणूनच किती वेळ जातो, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

हात थरथरत असेल तर डबल क्लिक ही शिक्षा असते. दोन टिचक्यांमध्ये माऊस जरासा सरकतो आणि फाइल उघडण्याऐवजी भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते. मग ती 'हरवली' म्हणून शोधाशोध. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकवर फाइल उघडण्याची सोय जुनीच आहे, पण फार थोड्यांना ठाऊक. ती लावून द्या, आणि दोन दिवस बघा सवय होते का. नाही झाली तर परत फिरवा. डबल क्लिकचा वेग कमी करणं हा दुसरा उपाय. तो माऊसच्या जुन्या खिडकीत सापडतो.

प्रिंटरची गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. बाबा बँकेचं स्टेटमेंट प्रिंट करायला देतात. कागद येत नाही. उलट पडद्यावर एक खिडकी उघडते आणि फाइलचं नाव विचारते. बाबा नाव देतात, ओके करतात, प्रिंटरकडे बघत बसतात. काहीच होत नाही. पुन्हा देतात. प्रिंटर बिघडला असं ठरतं, सुपेल्यातल्या कम्प्युटरच्या दुकानात फोन जातो. प्रत्यक्षात प्रिंटरला काहीच झालेलं नसतं. विंडोजमध्ये 'मुख्य प्रिंटर कोणता हे विंडोजला ठरवू द्या' अशी एक सोय असते. ती चालू असली, की शेवटी जो प्रिंटर वापरला तोच मुख्य होतो. पीडीएफ बनवणारा प्रिंटर हाही विंडोजच्या हिशेबात प्रिंटरच. काल कुणीतरी एक पीडीएफ जपून ठेवला, म्हणून आज स्टेटमेंट कागदाऐवजी डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. प्रिंटर्सच्या पानावर ती सोय बंद करा, घरचा खरा प्रिंटर मुख्य म्हणून निवडा, आणि फॅक्ससारखे कधीच न लागणारे प्रिंटर यादीतून काढून टाका. यादीत दोनच उरले तर चूक व्हायला जागाही कमी.

व्हिडिओ कॉलच्या आवाजाला चार दारं आहेत, आणि त्यातलं एक जरी बंद असलं तरी अमेरिकेतल्या नातवाला आजीचं बोलणं ऐकू जात नाही. पहिलं दार कॉलच्या ॲपमधलं माइकचं चित्र. दुसरं ब्राउझरचं, ज्याने कधीतरी 'माइक वापरू द्यायचा का?' असं विचारलं होतं आणि घाबरून 'नाही' दाबलं गेलं होतं. तिसरं विंडोजच्या प्रायव्हसीमधलं, तिथे माइकची परवानगी वेगळी असते. चौथं साउंडमध्ये, कुठला माइक निवडलाय ते. उलट दिशेलाही असंच: मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला की कधीकधी आवाज आपोआप मॉनिटरकडे वळतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. टेबलावरचे स्पीकर चालू, दिवा लागलेला, पण आवाज नाही. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर जाऊन आवाज कुठून यावा ते बदलता येतं. हे मात्र आईबाबांना स्वतःला यायला हवं, कारण ही अडचण पुन्हापुन्हा येते. माइकची चारही दारं एकदा तुम्ही उघडून द्या आणि निघण्याआधी दुसऱ्या खोलीतून फोनवर कॉल लावून बघा. "लावलंय, आता चालेल" एवढ्यावर सोडू नका.

मराठी टायपिंगचा प्रश्न इकडे छत्तीसगढमध्ये थोडा वेगळा येतो. दुकानदार मशीन देताना हिंदी लावून देतो. इथे तेच साहजिक. मग वर्डमध्ये मराठी लिहिलं की जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. आई समजते, आपलंच काहीतरी चुकतंय. भाषांच्या पानावर मराठी जोडा. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायचंय त्यांच्यासाठी मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. ज्यांनी इन्स्क्रिप्ट शिकलाय त्यांना ळ आणि ऱ शिफ्टबरोबर सापडतात. त्यांना फोनेटिककडे ओढू नका. यादीत एक इंग्रजी आणि एक मराठी एवढंच ठेवा, हिंदी लागत असेल तर तीही. पण इंग्रजीचेच दोन प्रकार आणि मराठीचे तीन कीबोर्ड पडलेले असतील तर काढून टाका, कारण विंडोज आणि स्पेस दाबून बदलताना माणूस त्या यादीत हरवतो. 'पासवर्ड घेत नाही' ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि पासवर्डच्या जागी तर नुसते ठिपके दिसतात. साइन-इनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती दाखवून ठेवा. जाता जाता: घरात जुन्या कृतिदेव फॉन्टमधल्या फाइली असतील, तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसऱ्या मशीनवर त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

कोपऱ्यात 'तुमच्या कम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' अशा पाट्या उगवत असतील तर त्या बहुतेक वेळा व्हायरसच्या नसतात. कुठल्यातरी साइटला ब्राउझरने सूचना दाखवायची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडा, अनोळखी नावं काढा, आणि यापुढे कुठल्याच साइटने विचारू नये असं लावा. या पाट्यांवरचा नंबर फिरवून म्हाताऱ्या माणसांनी आयुष्याची पुंजी घालवल्याच्या बातम्या आपण वाचतो, म्हणून हे काम पुढच्या खेपेवर टाकू नका. आणि घरच्यांना स्पष्ट सांगा: फोनवरच्या अनोळखी माणसाला पडदा दाखवायचा नाही, त्याने सांगितलेलं ॲप उतरवायचं नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा. तुम्ही दुरून मदत करायला पडदा जोडणारं ॲप वापरत असाल, तर काम झालं की ते बंद करा. कायम चालू ठेवू नका.

आता ते आतलं दार. घरच्या मशीनवर दोन खाती करा. एक व्यवस्थापकाचं, तुमच्या हातचं. दुसरं साधं, आईबाबांच्या रोजच्या वापराचं. साध्या खात्यातून अक्षरं, आवाज, भाषा हे सगळं बदलता येतं, पण नवं सॉफ्टवेअर मशीनभर बसवायला किंवा महत्त्वाच्या गोष्टी हलवायला व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. हे त्यांच्यावर अविश्वास म्हणून करू नका, आणि तसं वाटूही देऊ नका. कारण नीट समजावून सांगा. ज्यांनी प्लांटमध्ये परमिट घेतल्याशिवाय मशीनला हात लावला नाही, त्यांना हे सगळ्यात लवकर पटतं. पासवर्ड कागदावर लिहून घरातच, कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. तुम्ही विमानात असताना गरज पडू शकते.

बदललेलं सगळं लिहून ठेवा, मराठीत, हाताने, मोठ्या अक्षरात. कुठलं सेटिंग आधी काय होतं, आता काय आहे, तारीख. आणि दुसऱ्या कागदावर अडचणींच्या नावाने सूचना: 'आवाज येत नाही', 'अक्षरं लहान दिसतात', 'टाइप करताना मराठी येतंय'. प्रत्येकाखाली दोन-तीन पायऱ्या. 'साउंड सेटिंग्ज', 'डिस्प्ले सेटिंग्ज' असे मथळे घालू नका. अडचण आली तेव्हा ती साउंडची की प्रायव्हसीची हे माणसाला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं तर त्याने तुम्हाला फोनच केला नसता.

इथूनच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांशी बोलायचं. हा वाद जुना आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात तो उघड्यावर झाला, म्हणून त्यातून शिकता येतं. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने साध्या वापरणाऱ्यांकडून चाचणी करवली. पुढच्याच वर्षी ग्नोम २ आला आणि त्यात पर्यायांची मोठी छाटणी झाली. रेड हॅट या लिनक्स कंपनीतले हॅवॉक पेनिंग्टन यांनी तेव्हा मांडलेला मुद्दा आजही लागू आहे: प्रत्येक पर्यायाची किंमत असते. त्याच्या गर्दीत बाकीचे सापडत नाहीत, त्याची चाचणी करावी लागते, आणि कित्येकदा पर्याय दिला जातो तो प्रोग्रॅम मुळातच नीट वागत नाही म्हणून. त्याच्या उलट टोकाचं मतही तितकंच ठाम होतं. २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ग्नोमवर कडक टीका करून लोकांना केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरायला सांगितलं. २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा छाटणी इतकी पुढे गेली होती, की लपलेले पर्याय परत मिळवायला वेगळं ट्वीक टूल लागलं. माझं मत असं, की छाटणी योग्य होती, पण जे छाटलं त्यातलं काही कुणाच्या तरी हाताची, डोळ्यांची गरज होती. गरज आणि हौस यांत फरक करायला माणसांजवळ बसावं लागतं.

केडीईने दुसरी वाट धरली. पर्याय जवळजवळ सगळे ठेवले, मांडणी बदलली. २००८ च्या जानेवारीत केडीई ४ बरोबर सिस्टिम सेटिंग्ज आली आणि जुनं, फांद्यांवर फांद्या असलेलं कंट्रोल सेंटर गेलं. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या २०२० मधल्या ५.२० आवृत्तीत एक फार उपयोगी गोष्ट आली: मूळ ठेवणीपेक्षा (म्हणजे डिफॉल्टपेक्षा) काय काय बदललंय ते ठळक करून दाखवणारं बटण. वर मी हाताने लिहायला सांगितलेली नोंद तिथे मशीनच ठेवतं. ही सोय प्रत्येक सेटिंग्जच्या खिडकीत असायला हवी. दुसऱ्याचं मशीन दुरुस्त करणाऱ्याला इतकी मदत दुसऱ्या कशानेच होत नाही. आणि मूळ ठेवणीचं वजन बघा: केडीई वर्षानुवर्षं एका क्लिकवर फाइल उघडत असे, पण फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये डबल क्लिक हीच मूळ ठेवण झाली, कारण बाहेरून येणाऱ्या बहुतेकांची सवय तीच. पर्याय दोन्ही आधीही होते, आजही आहेत. पण सेटिंग्ज कधीच न उघडणाऱ्या माणसासाठी मूळ ठेवण हाच सगळा कम्प्युटर असतो. म्हणून पंचवीस पर्याय जोडण्याआधी एक मूळ ठेवण नीट निवडण्यात वेळ घाला.

हाच केडीई छत्तीसगढीतही आला. 'रवि रतलामी' या नावाने हिंदी वाचकांना माहीत असलेल्या रविशंकर श्रीवास्तव यांनी पुढाकार घेऊन ते काम केलं. ज्या बोलीत कम्प्युटरबद्दल फारसं कुणी लिहीत नव्हतं, तिच्यात पडद्यावरचा मेनू वाचता येणं ही छत्तीसगढसाठी फार मोठी गोष्ट होती, आणि तिचा हवा तितका गवगवा झाला नाही.

भिलाईत आज आयआयटी आहे, कुटेलाभाट्याला तिचा कॅम्पस आहे. दुर्गमध्ये इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत. प्रोजेक्ट शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला चाचणीसाठी माणसं शोधायला लांब जायला नको. प्लांटच्या टाऊनशिपमध्ये तेलुगू, बंगाली, मल्याळी, मराठी, छत्तीसगढी, पंजाबी बोलणारी निवृत्त माणसं शेजारी शेजारी राहतात. एका काकूंना तुमच्या सेटिंग्जच्या खिडकीसमोर बसवा आणि सांगा, "अक्षरं मोठी करा." कुठे आहे ते सांगू नका, माऊसला हात लावू नका. त्या पहिल्यांदा कुठे बघतात, काय वाचून थांबतात, चूक झाल्यावर परत कशा फिरतात ते लिहून घ्या. मग एका बंगाली दादांना तेच काम द्या. तिघाचौघांनंतर कुठलं बटण चुकीच्या जागी आहे ते उघड दिसायला लागेल. ते हलवा, आणि पुन्हा नव्या माणसांना बसवा. आधी बसलेल्यांना नको, त्यांना आता वाट माहीत झालेली असते. जे सापडलं ते ग्नोम किंवा केडीईच्या तक्रार-नोंदीत घाला, नेमक्या पायऱ्यांसह. 'सेटिंग्ज कठीण आहेत' एवढंच लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही. 'आवाज मॉनिटरकडे वळला होता. स्पीकर बदलायची जागा शोधताना वापरणाऱ्याने आधी ब्लूटूथ उघडलं, मग डिस्प्ले, मग सोडून दिलं' असं लिहिलं, तर ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमरला काय हलवायचं ते कळतं.